थारोळ्यावरचा पाय

जालिंदरच्या घरात फोटोंनी भरलेले बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे होते आणि त्यांत घरातलं एकही माणूस नव्हतं. झेंडूचे फोटो होते, गुलछडीचे होते, कांद्याच्या गोंड्यावर बसलेल्या मधमाशीचा होता. घोडनदीच्या पुलाखाली वाळत टाकलेली गोधडी होती. शिरूरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर चढून वेळापत्रक वाचत असल्यासारखी उभी राहिलेली शेळी होती, दौंडच्या फलाटावर ओळीनं मांडलेल्या चहाच्या किटल्या होत्या. कुणी पाहुणे आले की सुषमा डबा उघडून दाखवायची आणि म्हणायची, आमच्या ह्यांना हलणारी वस्तू चालत नाही, आणि मी तर लग्न झाल्यापासून हलतेच आहे.

जालिंदर शिलाई मशीन दुरुस्त करायचा. शिरूरच्या बाजारपेठेत त्याचं एवढंसं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. आठवड्यातले तीन दिवस मात्र तो हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं बाहेर पडे. न्हावरा, तळेगाव ढमढेरे, दौंड. ज्या घरचं मशीन बिघडलेलं असेल तिथल्या ओसरीवर बसून तो ते पूर्ण खोले, सुटे भाग रॉकेलमध्ये धुई आणि फडक्यावर उन्हात पसरून ठेवी. ते वाळेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास त्याचा स्वतःचा. मग पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा निघे आणि मिस्त्री घरामागच्या वावरात गडप होई.

तो कॅमेरा दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरचा. म्हातारा-म्हातारी गाव सोडून मुलाकडे परदेशी निघाली, तेव्हा म्हातारीचं शिलाई मशीन जालिंदरनं पेटीत घालण्याजोगं करून दिलं. मजुरीऐवजी म्हाताऱ्यानं कॅमेरा पुढे केला आणि तासभर बसवून तो चालवायलाही शिकवला. त्याला आता आठ वर्षं झाली होती. एक रोल जालिंदर दोन-तीन महिने पुरवायचा. एका फुलाचा एकच फोटो. त्यासाठी वारा पडेपर्यंत तो गुडघे टेकून, श्वास धरून बसून राही. खुरपणाऱ्या बायका लांबून म्हणत, मिस्त्री फुलाला सांगतोय, गप उभी ऱ्हा. न वापरलेले रोल तो डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवी, गारव्याला. मोलकरीण असती तर तिला वाटलं असतं घरात काही गुप्तधन आहे. पण मोलकरीण सुषमाच होती, आणि दर आठ दिवसांनी ती वाळू तिलाच बदलावी लागे.

माणूस चौकटीत आलं की तो कॅमेरा खाली घ्यायचा. सुषमानं एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "माणसाला कळतं गं, आपल्याला बघतायत म्हणून. मग तो दुसराच कुणीतरी होऊन उभा राहतो." सुषमाला ते पटलं होतं, पण पटलं असं तिनं सांगितलं नाही. नवऱ्याचं सगळंच पटायला लागलं तर घर चालत नाही.

शहाण्णव सालची गोष्ट. सुषमाचं माहेर तळेगाव ढमढेरेला. थोरले भाऊ बबनराव बागायती करत, ऊस आणि मधल्या वावरात झेंडू, कांदा. त्यांची अंकिता बारावी होऊन घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. त्यासाठी तिचा स्टुडिओत फोटो काढून आणला होता. मागे रंगवलेला महाल, महालापुढे दोन हंस, शेजारी उंच स्टँडवर प्लास्टिकच्या गुलाबांची कुंडी, आणि स्टँडला धरून अंकिता. तोंडाला इतकी पावडर, की मानेपासून रंग बदललेला. त्या फोटोतली मुलगी थोडीफार अंकितासारखी दिसत होती, पण अंकिता काही त्या फोटोसारखी दिसत नव्हती.

तो फोटो तीन घरं फिरून आला होता. माहितीच्या कागदाबरोबर पाकिटात घालून फोटो पाठवायचा आणि जमत नसेल तर समोरच्यांनी तो परत करायचा, ही रीत. कारण सांगायला लोक विसरत, पण फोटो परत करायला विसरत नसत. लग्नाच्या मुलीचा फोटो परक्या घरात पडून राहणं बरं नव्हे, एवढं ज्याला त्याला कळत होतं. पहिल्या घरून फोटो आला तो कोपरा दुमडून. दुसऱ्या घरून आला त्यावर कपबशीचा गोल उठलेला. तिसऱ्यांनी तर मागच्या बाजूला कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला होता. अंकिताची आई, धुरपदा, दर वेळी तो पदरानं पुसून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवी आणि दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुषमा आणि जालिंदर झेंडू तोडायला तळेगावी गेले. मधल्या वावरात जुनी विहीर होती. मोट कधीच बंद होऊन तिथं मोटर बसली होती, पण मोटेचं पाणी जिथं ओतलं जाई ते दगडी थारोळं तसंच होतं. मोटरचा पाइपही त्यातच सोडलेला. जालिंदर त्या काळ्या दगडापुढे पडलेल्या झेंडूच्या ढिगाचा फोटो घ्यायला खाली बसला. तेवढ्यात ओचा खोवून, कमरेवर टोपली घेऊन अंकिता आली. पायाचा चिखल धुवायला तिनं एक पाय थारोळ्याच्या कडेवर टेकवला आणि मान वळवून म्हणाली, "मामा, एका फुलाच्या फोटोपायी तुमी बसून दोन झाडं मोडली." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

जालिंदरनं कॅमेरा खाली घेतला नाही. बोट दाबलं गेलं, असं तो नंतर म्हणाला, जणू बोट शेजाऱ्याचं होतं.

रोल धुऊन आला तेव्हा सुषमानं तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. अंकिता होती तशी आली होती. गालावरची खळी, घामानं चिकटलेली बट, भिजलेला पाय, आणि जे काय बोलून झालंय त्याची मजा डोळ्यांत. सुषमानं तो पर्समध्ये टाकला, दिवाळीला माहेरी गेली आणि वहिनीपुढे ठेवून म्हणाली, आता हा पाठवायचा.

धुरपदाला फोटो आवडला नाही असं नाही. पण पाय उघडे, केस विस्कटलेले, पदर खोचलेला. लोक म्हणतील, पोरीला धड उभं करायला जागा नव्हती का. सुषमानं सांगितलं की लोकांना घरात वावरणारी सून हवी असते, स्टँडला धरून उभी राहणारी नको. स्टुडिओवाल्या फोटोनं काय दिवे लावले ते बघितलंच आपण. बबनराव म्हणाले तुमचं तुम्ही ठरवा, आणि मोटर बघायला निघून गेले. नणंद-भावजयीच्या वादात त्यांची मोटर नेहमीच बिघडायची. शेवटी धुरपदा म्हणाली, "पाठवा. पर पाठवला तुमी, हे ध्यानात असू द्या."

तुळशीचं लग्न लागलं आणि म्हस्कू आण्णांनी दौंडचं स्थळ आणलं. हे म्हस्कू आण्णा दोन तालुक्यांत लग्नं जुळवत हिंडत. मारुतरावांचं दौंडात भुसाराचं दुकान, मुलगा एकुलता एक, घरात आई-वडील आणि आजी. पाकीट गेलं. महिन्याभरानं आण्णा परत आले ते चप्पल न काढताच बोलू लागले, म्हणजे नकार. मुलाच्या मामाचीच मुलगी ठरली होती. त्यांनी माहितीचा कागद परत दिला. फोटो दिला नाही.

धुरपदानं पाकीट उलटं करून झटकलं. आण्णा म्हणाले त्यांनी एवढंच दिलं, आपण मध्ये कशाला हात घालू.

दुसऱ्या दिवशी धुरपदा स्वतः शिरूरला आली. पाणी घेतलं, चहा घेतला, आणि सुषमाला एवढंच म्हणाली, "तुमी पाठवला, तुमीच आणा."

सुषमाला त्या रात्रीचा स्वयंपाक सुचेना. जालिंदर म्हणाला, त्यात काय एवढं, निगेटिव्ह आपल्याकडे आहे, दुसरा काढून देऊ. सुषमा म्हणाली, "तुमचे कागद शंभर निघतील हो. तिथं जो राहिलाय त्याचं काय?" त्या घरात आता दुसरी सून येणार. तिनं पेटी आवरताना नवऱ्याच्या कपड्यांत एक हसणारी मुलगी सापडली तर ती काय समजेल? आणि ती काय समजली ते तिच्या माहेरी, आणि तिथून चार गावांत जायला किती वेळ लागेल? माघातल्या दुसऱ्या रविवारी कोरेगाव भीमाची मंडळी अंकिताला बघायला येणार होती. त्यांच्या कानावर त्याआधी काही गेलं तर? फोटो त्याच्या आत घरी यायला हवा होता. आणि तो सुषमानं पाठवला होता. माहेरच्या उंबऱ्यात वहिनीनं तोंड फिरवलं तर भाऊ मोटर बघायला जाणार, हे तिला माहीत होतं.

टेलिफोन बूथवरून तिनं दौंडच्या दुकानात फोन लावला. मारुतराव अदबीनं बोलले. शोधतो म्हणाले, सापडला की पाठवतो. चार दिवसांनी परत लावला तर तेच. हरवलेल्या वस्तूविषयी माणूस जरा तरी वैतागून बोलतो, हे अगदीच मवाळ बोलत होते. सुषमानं ओळखलं की फोटो हरवलेला नाही.

संक्रांत झाल्यावर दोघं दौंडला निघाले. कॅमेरा घ्यायचा नाही असं सुषमानं बजावलं होतं. जालिंदरनं घेतला नाही. हत्यारांची पिशवी घेतली, आणि तिच्यात काय असतं ते सुषमा इतक्या वर्षांत विसरली असेल असं त्यानं धरून चाललं. न्हावऱ्याच्या पुढे उसाला तुरे आले होते आणि उन्हात ते रुप्यासारखे चमकत होते. जालिंदर खिडकीतून मान वळवून वळवून बघत राहिला. "एसटी थांबवायला सांगू का?" सुषमानं विचारलं. तो पुढे बघायला लागला.

मारुतरावांकडे पोहे आले, चहा आला, यंदाच्या कांद्याविषयी बोलून झालं. मारुतराव बशीतल्या चहावर फुंकर घालत होते आणि चहा कधीच निवला होता. शेवटी सुषमाच म्हणाली, की मुलगी आमची आहे, तुमच्या घरात लवकरच लक्ष्मी यायची आहे, तिच्याही मनात काही यायला नको. मारुतरावांची बायको आत निघून गेली. मारुतरावांनी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. फोटो आईकडे आहे आणि आई देत नाही. दोनदा मागितला, दोन्ही वेळा जेवायची बंद झाली.

सोजरबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, कार्तिकातच मोतीबिंदू काढलेला, जाड भिंगाचा चष्मा. आल्या माणसांना त्यांनी नीट न्याहाळून घेतलं आणि उशाच्या अभ्र्यातून रुमालात गुंडाळलेला फोटो काढला. तो होता तसा होता. कोपरा दुमडला नव्हता की डाग पडला नव्हता.

"ह्यो कुनी काढला?" त्यांनी विचारलं.

जालिंदर म्हणाला, मी.

"बरा काढलाय. ह्ये बगा." त्यांनी अंकितावरून बोट खाली नेलं, भिजलेल्या पायाजवळ थारोळ्याच्या कडेवर ठेवलं. तिथं दगडाला बशीएवढा खळगा होता. सुषमानं तो इतक्या वर्षांत पाहिला असेल, पण बघितला नव्हता. "माज्या आईनं इळा घासून घासून पाडलाय त्यो. वाकडातिकडा न्हाई, बगा, सरळ हाय. डावखुरी व्हती ती, म्हून ह्या अंगाला हाय. बाकीच्या बाया पल्याड घासायच्या."

मग उलगडा झाला. मधलं वावर बबनरावांच्या वडिलांनी विकत घेतलेलं. ज्यांच्याकडून घेतलं ते तिघे भाऊ गाव सोडून कारखान्यांच्या मागे पिंपरी-चिंचवडकडे गेले आणि तिकडेच मिटले. सोजरबाई त्यांची बहीण. जमीन गेली, भाऊ गेले, दिवाळीला न्यायला येणारं कुणी उरलं नाही. एकतीस वर्षांत त्या तळेगावी गेल्या नव्हत्या. डोळ्याची पट्टी काढून चार दिवस झाले आणि घरातली मंडळी एक पाकीट घेऊन बसली. दाखवा मला बी, म्हणाल्या. बघतात तर मुलीच्या पायाखाली आईचा दगड.

"पोरगी म्या पसंत केली व्हती," सोजरबाई म्हणाल्या. "पर मला कोन इचारतंय. ते ऱ्हाऊ द्या. पोरगी तुमची हाय, न्या तुमी. दगुड माजा हाय, त्यो मी देनार न्हाई."

दारात उभ्या असलेल्या मारुतरावांनी अजिजीनं तोड काढली: कात्रीनं मधून कापला तर? वरचा भाग यांना, खालचा आईला. ते कात्री आणायला वळलेसुद्धा.

"तिचा पाय दगडावर आहे," जालिंदर म्हणाला. सुषमानं चमकून बघितलं. परक्या घरात मशीनखेरीज कशाविषयी तो बोलत नसे. त्याचा चेहरा असा झाला होता की कुणी पोरीचाच पाय कापायला निघालंय. घसा साफ करून तो म्हणाला, "आजी, मी तुम्हाला नुसत्या थारोळ्याचा काढून देतो. याच्यापेक्षा मोठा. खळगा नीट दिसेल असा."

सोजरबाईंनी विचार केला. "नुस्ता दगुड? त्येच्यावर कुनाचा पाय न्हाई, तर त्यो बगून मी काय करू? दगडं दौंडात काय कमी हायती?"

"मग तुम्ही या. तुमचा पाय ठेवा."

ज्या घरची मुलगी नाकारली त्या घरी आईला कुठल्या तोंडानं न्यायचं, असं मारुतराव हळूच म्हणाले. सोजरबाईंच्या कानांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, तरी त्यांना ते बरोबर ऐकू गेलं.

"तोंड माजंच नेते की. तुजं तू जीपमदी ठेव."

फोटो त्यांनी परत रुमालात गुंडाळला. यायचं त्या दिवशी आणते म्हणाल्या, पोरीच्या हातात देते. सुषमानं नाही म्हणून पाहिलं, पण म्हातारीनं रुमालाला दोन गाठी मारल्या होत्या. जाताना जालिंदरनं न विचारता ओसरीवरच्या मशीनला तेल घातलं. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नसावं.

रिकाम्या हातांनी तळेगावला जाणं सुषमाच्या जिवावर आलं होतं. तिनं धुरपदाला सगळं सांगितलं, दगड, इळा, मोतीबिंदू. धुरपदा भाकरी थापत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे फोटो गेला तो गेला, वर नाकारणाऱ्यांना आता जेवायला बी घालायचं. सुषमा म्हणाली, चहा दे नुसता. "च्याच देनार," धुरपदा म्हणाली, "आन् त्यो बी गुळाचा."

कोरेगावची मंडळी रविवारी येणार, आणि सोजरबाई आल्या गुरुवारी सकाळी. वस्तीच्या वळणावर जीप थांबली. मारुतराव आतच बसून राहिले, वर्तमानपत्र उघडून. ते उलटं नव्हतं एवढंच. सोजरबाई उतरल्या, आणि घराकडे न येता, कुणाला वाट न विचारता, बांधावरून सरळ विहिरीकडे चालू लागल्या. मध्ये एका जागी पाऊल उचलून लांब टाकलं. तिथं पूर्वी पाट होता. आता नुसती जमीन होती. पण त्या पाट ओलांडूनच पलीकडे गेल्या.

धुरपदा दारात उभी राहून ते पाहत होती. ती स्वतः पाथर्डीकडची. तिचं माहेर दुष्काळात उठून कुठे कुठे पांगलं होतं, हे सुषमालाही त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. धुरपदा आत गेली. बाहेर आली ती हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. झपाझप चालत तिनं म्हातारीला बांधावर गाठलं. "थांबा, आत्याबाई," म्हणाली. तुकडा तिच्यावरून ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी घातलं. "लांबून आलाय. असं कसं जाल वावरात."

सोजरबाईंनी धुरपदाच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि पुढे निघाल्या.

झेंडू कधीच निघून गेला होता. त्या जागी बियाण्याचा कांदा होता, त्याचे पांढरे गोंडे नुकते उघडू लागले होते. अंकिता विहिरीवर वाट बघत होती. जालिंदर आधीच जागा धरून बसला होता, दोन्ही गुडघे मातीत. सोजरबाईंनी थारोळं बघितलं. जवळ गेल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि थारोळ्याशेजारी दोन्ही हात अंगालगत सरळ धरून, हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. स्टुडिओत राहतात तशा. फक्त हंस तेवढे नव्हते.

जालिंदरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच थांबला.

वेळ गेला. बबनराव म्हणाले, झाला का हो दाजी. जालिंदर हलला नाही. सोजरबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "वारं बी न्हाई. आता कशाची वाट बगताय?" सुषमाला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. समोर उभी होती ती दुसरीच कुणीतरी होती. आणि सुषमाला हेही माहीत होतं की तो तोंडानं काही सांगणार नाही, दुपार झाली तरी. हसा म्हणणार नाही, हात असा करा म्हणणार नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यानं कॅमेरा खाली घेतला असता. त्याचा खांदा तसा सैल व्हायलाही लागला होता.

"दादा," सुषमा म्हणाली, "मोटर चालू कर की जरा."

बबनरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वेळेवर मोटरकडे पाठवलं. पाइप खाकरला, गढूळ पाणी ओकला, मग निवळ धार थारोळ्यात पडायला लागली. सोजरबाईंनी मान वळवली. हात अंगापासून सुटले. त्या कडेपर्यंत गेल्या, वाकल्या, बोटं त्या खळग्यात फिरवली, आणि धुरपदानं भिजवलेलाच पाय परत धुवायचा असल्यासारखा उचलून कडेवर ठेवायला लागल्या. तोल गेला. अंकितानं पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं. पाणी उडून चष्म्यावर आलं तेव्हा सोजरबाई हसल्या, आवाज न करता, वरचे दोनच दात होते ते दाखवून.

खट् झालं.

जालिंदरनं कॅमेरा खाली घेतला आणि सुषमाकडे बघितलं. ती कांद्याच्या गोंड्यांकडे बघत होती.

सोजरबाईंनी रुमालाच्या दोन गाठी सोडल्या आणि फोटो अंकिताच्या हातात दिला. "तुजा तुला," म्हणाल्या. अंकितानं तो पाहिला, खळगा कुठे आहे तो दगडावर आणि फोटोत दोन्हीकडे पडताळून घेतला, आणि आईला म्हणाली की आता हा कुठं पाठवायचा नाही आणि तो हंसांचाही नाही. ज्याला बघायचं त्यानं इथं येऊन बघावं. धुरपदा म्हणाली, लई शानी झालीस. पण फोटो मागून घेतला नाही.

गुळाच्या चहाबरोबर सोजरबाईंना जेवण झालं, त्यात कुळथाच्या पिठाची शेंगोळी होती. जीपमध्ये बसलेल्या मारुतरावांनाही धुरपदानं ताट पाठवलं, आणि त्यांना तोंड कुठे लपवावं ते कळेना, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.

रविवारी कोरेगावची मंडळी आली. त्यांनी नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही; परत मागायला त्यांच्याकडे फोटोच नव्हता, तेवढं बरं. अंकिताचं लग्न पुढल्या वैशाखात झालं, रांजणगावच्या कारखान्यात लागलेल्या एका मुलाशी, जो बघायला आला तेव्हा विहिरीवर पाय धुवायला गेला आणि घसरला.

रोल संपायला मात्र होळी उजाडली. एका म्हातारीसाठी उरलेले फोटो घाईघाईनं कशावरही उडवून टाकायला जालिंदर तयार नव्हता. धुऊन आला तेव्हा सोजरबाईंचा फोटो त्यानं सांगितल्याप्रमाणे मोठा करून घेतला. खळगा स्वच्छ दिसत होता. त्याच्याशेजारी सुरकुतलेला ओला पाय, दोन दात, चष्म्यावरचे थेंब. आणि डाव्या कडेनं चौकटीत आलेला एक हात, म्हातारीचं कोपर धरलेला. मनगटावर हिरव्या बांगड्या, त्यांतली एक पिचलेली.

जालिंदर दुसऱ्या दिवशी दौंडला निघाला होता. सुषमानं पाकिटात घालण्याआधी फोटो दारातल्या उजेडात नेऊन बघितला, जवळून, मग लांब धरून. लग्नाच्या मुलीचा फोटो त्या घरातून परत आणायला किती यातायात पडली होती, आणि आता तिचा हात तिकडे निघाला होता. बांगड्यांवरून कुणी ओळखेल का, याचा तिनं बराच विचार केला. हिरव्या बांगड्या कुणाच्याही असतात. पिचलेल्या तर असतातच.

"हातच आहे," ती शेवटी म्हणाली. "जाऊ दे."

जालिंदरनं पाकीट पिशवीत ठेवलं, पान्हे आणि तेलाच्या डबीच्या वर, टॉवेलात. मग माठाखालच्या वाळूतून नवा रोल काढायला तो गुडघे टेकून बसला, आणि सुषमानं त्याला सांगितलं की काढताच आहात तर वाळूही बदलून ठेवा.